रामकिशनच्या अंगातली वीज

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तारामती टँकरवरून पाणी घेऊन आली, तरी रामकिशन अंथरुणातच होता. पाझर तलावाच्या कामावर सकाळीच हजेरी व्हायची आणि तिथवरची वाट अर्ध्या तासाची. तिनं हंडा टेकवून हाक मारली. त्यानं डोळे उघडले आणि हळूच म्हणाला, "तारा, पुन्हा तेच झालं बघ. पाय उचलंना."

लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात ही तिसरी खेप. पंचवीस वर्षांचा गडी, टिकाव मारायला लागला की जोडीदार दमायचे. पण एखाद्या सकाळी उठायला जावं तर कमरेखालचं अंग जणू दुसऱ्याचंच. मागच्या दोन्ही वेळी दुपार कलायच्या आत तो आपोआप बरा झाला होता. त्यामुळं गावानं निकाल देऊन टाकला होता, की पोरगा काम चुकवायला सोंग करतो.

गँगचा मुकादम अण्णाराव स्वतःच घरी आला. दुष्काळानं त्याचंही शेत पडीक होतं, म्हणून तो रोजगार हमीवर मुकादमकी करत होता, आणि माणूस कमी पडला की त्याला कारकुनाचं ऐकून घ्यावं लागे. तो दारातूनच ओरडला, "काल जयंतीत नाचताना पाय बरे चालत होते!"

"मुकादम, खरंच हलंना गेलेत," तारामती म्हणाली.

अण्णारावनं कुंपणातला बाभळीचा काटा मोडून आणला आणि रामकिशनच्या तळव्यात टोचला. रामकिशन कळवळला, डोळ्यांत पाणी आलं. पाय मात्र तसूभरही मागं सरला नाही.  अण्णारावनं काटा टाकला, धोतर आवरलं आणि पाठ वाकवली. "घाला माझ्या पाठीवर. जळकोटला नेऊ."

गाडीवाटेपर्यंत त्यानं एकट्यानं रामकिशनला वाहून नेलं. मागून तारामती आणि सासू धुरपताबाई जवळजवळ पळत होत्या. रामकिशनचे पाय अण्णारावच्या कमरेशी ओल्या पोत्यासारखे लोंबत होते. पुढं एक बैलगाडी मिळाली.

जळकोटात एका खाजगी डॉक्टरनं तपासलं, अशक्तपणा आहे म्हणाला आणि ग्लुकोजची बाटली लावली. त्या दिवसांत कशालाही तीच लावत, आणि दुष्काळात अशक्त कोण नव्हतं? बाटली अर्धी झाली तेव्हा रामकिशन म्हणाला, "तारा, माझा हात कुठं हाय?" हात त्याच्या छातीवरच होता. त्याला तो उचलता येत नव्हता. बाटली सरेपर्यंत मानही उचलेना. डॉक्टरचा चेहरा उतरला. त्यानं सुई काढली आणि सांगितलं, "उशीर करू नका. लातूरला न्या."

एसटीच्या कंडक्टरनं मागचं लांब बाकडं रिकामं करून दिलं. उदगीर गेलं, काळ्या भेगाळलेल्या रानांमधून गाडी धावत राहिली. तारामती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याचा श्वास मोजत होती. त्याला सगळं कळत होतं, तो बोलतही होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. जागा माणूस आतल्या आत कोंडला गेल्यासारखा दिसत होता.

लातूर आठ महिन्यांपूर्वीच जिल्हा झालं होतं. सरकारी दवाखान्यात गर्दी चिक्कार होती. पण अण्णारावच्या पाठीवरचा माणूस बघून लोकांनी वाट दिली. त्या दिवशी वॉर्डात डॉ. शुद्धोधन सोनकांबळे होते. तिशीतला, उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांनी रबरी हातोडी रामकिशनच्या गुडघ्याखाली मारली. एकदा, दोनदा. पाय जागचा हलला नाही.

"लोक सोंग म्हणतात, साहेब," धुरपताबाई घाईनं म्हणाली.

"सोंग करणाऱ्याचाबी गुडघा उडतो, मावशी. तो काही त्याला विचारून उडत नाही. ह्याचा उडत नाही, म्हणजे हे सोंग नाही."

डॉक्टर विचारत गेले. ताप आला होता का? न्हाई. पडला का? न्हाई. काही चावलं? न्हाई. मग तारामती पुढं झाली. सातवीपर्यंत शिकलेली, पण मोठ्या माणसांत बोलायची सवय नव्हती.

"साहेब, एक सांगू का? पहिल्यांदा झालं ते माझ्या मावसभावाच्या लग्नाहून आल्यावर. बुंदी लई खाल्ली होती. दुसऱ्यांदा बाजाराच्या दिवशी, कामाला सुट्टी होती, जिलेबी खाऊन दिवसभर झोपले. काल जयंतीचा शिरा होता. एरवी आमच्याकडं भाकर अन् चटणीच. गोडधोड खाऊन झोपले की सकाळी हे असं."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "आज काही दिलं?"

"बाटली लावली जळकोटात. तवापासनं हातबी गेले."

"कसली बाटली?"

"ग्लुकोजची म्हणले."

"साखरच की!" डॉक्टर एकदम उठले. "बाई, तुम्ही माझं अर्धं काम केलंत."

त्यांनी रामकिशनच्या छातीला आणि हातापायांना तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. त्या चढउतारांवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "ही ह्यांच्या काळजाची वीज. रक्तात पोटॅशियम कमी पडलंय, ते हिच्यात दिसून राहिलं."

"अंगात वीज असती?" अण्णारावनं विचारलं.

नर्स औषध आणेपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं. अंगातली प्रत्येक नस, प्रत्येक स्नायू बारीक पेशींचा बनलेला. खायच्या मिठातलं सोडियम पेशीच्या बाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त. हा फरक राखायला पेशी सारखी राबते, आणि त्या फरकानं आतबाहेर विजेचा दाब तयार होतो. "टॉर्चच्या सेलच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याएवढाच. पण तेवढ्यावर माणूस टिकाव मारतो." नसेतून हुकूम आला की पेशीच्या पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, दाब पालटतो. एका जागी पालटला की शेजारी, मग त्याच्या शेजारी. अशी वीज स्नायूभर पळते आणि स्नायू आखडतो. मग पोटॅशियम बाहेर येतं आणि पेशी पुन्हा तयार होते.

"तुमच्या तलावाला बांध का घालून राहिले? एका बाजूला पाणी जास्त, एका बाजूला कमी. जोर त्या फरकात असतो."

तारामतीनं मान हलवली. त्या बांधावर तिनं किती घमेली माती टाकली होती. "मग ह्यांचं काय झालं?"

"गोड खाल्लं की रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं. तुमचं-माझंही शिरतं, थोडंसं. ह्यांचं फार शिरतं, आणि ती दारं अडकून बसतात. नस हुकूम देते, पण स्नायूत वीज उठत नाही. टोचलेलं मात्र कळतं, कारण ती खबर नेणारी नस धडधाकट आहे."

अण्णाराव दुसरीकडं बघू लागला.

औषध पातळ होतं, खारट-कडवट. रामकिशनला गिळता येतंय ना, हे डॉक्टरांनी आधी पाहिलं. मग पाण्यात मिसळून ठरल्या मापानं ते पाजायचं काम तारामतीला दिलं. पहिल्या मापाला रामकिशननं तोंड वाकडं केलं. दुसऱ्यानंतर काही झालं नाही. तिसऱ्यानंतरही नाही. धुरपताबाई पायाशी बसून होती. चौथं माप पाजून तारामती वाटी खाली ठेवत होती, तेवढ्यात तिच्या पदराला ओढ बसली. रामकिशनच्या उजव्या हाताची दोन बोटं पदरात अडकली होती आणि हलत होती.

"आत्याबाई, बघा!"

उन्हं उतरायच्या आत त्यानं पेला स्वतः धरला. डॉक्टरांनी पुन्हा हातोडी मारली आणि गुडघा असा उडाला की नर्सच्या हातातला ट्रे पडता पडता वाचला. सगळे हसले. अण्णाराव वाकून रामकिशनचा तळवा चाचपू लागला. "दुखतंय का रे?"

"तवाबी दुखलंच होतं, मुकादम."

"चुकलं माझं," अण्णाराव म्हणाला. एवढंच म्हणाला. पण गावात परतल्यावर हजेरीच्या वेळी साऱ्या गँगसमोर त्यानं सगळी हकीकत सांगितली, गुडघ्यासकट.

निघताना डॉक्टरांनी पथ्य समजावलं. पोट भरून गोड खायचं नाही, दमून आल्याबरोबर भरपेट जेवून झोपायचं नाही, पाय जड वाटले की सांगितल्या मापानं औषध घ्यायचं, आणि दर महिन्याला दाखवायला यायचं. मग त्यांनी विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला असं व्हायचं का? हे वंशात उतरतं."

धुरपताबाईनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "माझा धाकटा दीर. श्रीमंत नाव त्याचं. सण झाला की पडून राहायचा. आमच्या मालकानं, ह्या रामकिशनच्या बापानं, त्याला आळशी म्हणून एकदा भर उन्हात खाटेसकट शेतात नेऊन टाकलं. मीबी काही बोलले न्हाई, साहेब. तो गेला गाव सोडून. मालक वारले तरी आला न्हाई. नांदेडकडं विष्णुपुरीला धरणाच्या कामावर वॉचमन हाय म्हणतात."

डॉक्टरांनी दुखण्याचं नाव आणि औषध लिहून श्रीमंतसाठी वेगळी चिठ्ठी दिली.

आठवड्यानं रामकिशन आणि तारामती नांदेडच्या एसटीत बसले. धुरपताबाईही निघाली. विष्णुपुरीला सिमेंटच्या गोदामाजवळ पत्र्याच्या खोलीत श्रीमंतकाका सापडला. पन्नाशी उलटलेला, डोक्याला रुमाल बांधलेला. भावजयीला बघून तो उठला. त्यानं पाणी दिलं. रामकिशननं सांगायला सुरुवात केली, पाय कसे हलंनात इथपासून. मिठाचं आणि विजेचं तारामतीनं सांगितलं, जमेल तसं. दोनदा चुकली, पुन्हा सांगितलं.

"मला आता वर्षातनं एखाद वेळा होतं," काका म्हणाला. "सणावाराला मी जेवतच न्हाई. लोक म्हणतात माणूसघाणा हाय." मग धुरपताबाईकडं न बघता म्हणाला, "म्हणजे वैनी, मी आळशी न्हवतो."

"न्हवता, भाऊजी. तवाबी न्हवता."

काका बाहेर जाऊन उभा राहिला. खाली गोदावरीच्या पात्रात यंत्रांची घरघर चालली होती. थोड्या वेळानं तो आत आला, खिशातली वही काढून त्यानं तारामतीपुढं धरली आणि पेन्सिल दिली.

"ह्या दुखण्याचं नाव लिही पोरी, मोठ्या अक्षरात. धरणावरच्या साहेबाला दाखवायचंय. अन् माझ्या पोरीला पत्र टाकायचंय, तिचाबी पोरगा सणाला पडून राहतो."

तारामतीनं डॉक्टरांची चिठ्ठी शेजारी ठेवली आणि एकेक अक्षर बघून लिहायला लागली.