चष्मेवाल्याचं पोस्टर

पुरुषांच्या आध्यात्मिक नवजीवन संमेलनाचं प्रचारप्रमुखपद चष्मेवाल्याने आपण होऊन मागून घेतलं, तेव्हा त्यात त्याचा तीन बाजूंनी फायदा होता. एक म्हणजे ‘यंदा तरी जाताय का?’ म्हणून तीन वर्षं मागे लागलेल्या बायकोचं तोंड बंद होणार होतं. दुसरं, गेल्या वर्षी हे काम त्याच्या सख्ख्या साडूकडे होतं आणि साडूने सगळा जोर लावून एकतीस पुरुष जमवले होते, त्यातले चार तर खुर्च्या मांडायला आलेले. साडूची जिरवायची अशी संधी रोज चालून येत नाही. तिसरा फायदा त्याने कुणाला सांगितला नव्हता, आणि खरा तोच होता. संमेलनाच्या दिवशी प्रचारप्रमुख सभागृहाबाहेर नावनोंदणीच्या टेबलाशी बसतो. आतले सगळे एकेक करून पापनिवेदनाला जातात, जाळीच्या पडद्याआड फादरांच्या कानात आपलं काय ते सांगून मोकळे होतात. बाहेर बसणाऱ्याला कुणी ‘तू गेलास का?’ म्हणून विचारत नाही. उलट चहा आणून देतात.

खर्चाच्या बाजूला काय मांडावं, हे त्याला काही केल्या सुचेना. खर्च नव्हताच.

पापनिवेदनाला तो कचरायचा, कारण सांगण्यासारखी गोष्ट त्याच्यापाशी एकच होती. ती मास्तरांची होती.

मास्तर म्हणजे चर्चमध्ये छत्तीस वर्षं ऑर्गन वाजवणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांनी चष्मेवाल्याकडून नवा चष्मा करून घेतला. महिन्याने येऊन म्हणाले, ‘अरे, स्वरांच्या ओळी एकमेकींत शिरतायत.’ चष्मेवाला दुकानात गर्दी असल्याच्या थाटात म्हणाला, ‘सवय होईल, मास्तर.’ सवय काही झाली नाही. बिशप आले होते त्या रविवारी मास्तरांनी गाण्याचं तिसरं कडवं चौथ्यात घुसवलं, गाणारे एकीकडे आणि ऑर्गन भलतीकडे. मास्तरांनी ऑर्गनचं झाकण लावलं ते कायमचं. ‘चष्मा नवा आहे, म्हणजे डोळेच गेले. वय झालं,’ म्हणाले, आणि काठी घेतली.

पुढे सहा महिन्यांनी जुने कागद चाळताना चष्मेवाल्याच्या हाताला मास्तरांच्या चष्म्याची चिठ्ठी लागली. उजव्या डोळ्याचा नंबर साधा होता, डावा चांगलाच जड. आणि त्याला लख्ख आठवलं, जड भिंग त्याने उजवीकडे बसवलं होतं. फ्रेम पडली गोल. गोल फ्रेमचा घात हाच असतो, कुठलंही भिंग कुठेही बसतं आणि तक्रार करत नाही. वीस वर्षांच्या धंद्यात डावं-उजवं चुकलं, हे कुणाला सांगायचं? त्याने चिठ्ठी घडी करून खणात ठेवली आणि पुढच्या रविवारपासून पापनिवेदनाच्या बाकाकडे बघायचं सोडून दिलं.

तर असा माणूस प्रचाराला लागला.

फादर म्हणाले, ‘मी काय कमी ओरडलो गेल्या वर्षी? सहा रविवार घोषणा केली.’

‘फादर, मिस्साची प्रार्थना संपता संपता तुमची घोषणा होते. तोवर पुरुष पायऱ्या उतरून गाडीची चावी शोधत असतात. ऐकतात फक्त बायका.’

‘तुला रे कसं माहीत?’

‘मी त्यांच्यातलाच आहे ना.’

फादर हसले. चष्मेवाल्याने मग जे पोस्टर केलं ते धंद्यातून आलेलं होतं. पुरुषाला काही वाच म्हटलं तर तो वाचत नाही. पण ‘हे तुला दिसतंय का?’ असं विचारलं तर नाक घासत पुढे येतो, हे त्याने दुकानात हजार वेळा पाहिलं होतं. डोळे तपासायच्या तक्त्यासारखं पोस्टर. वर वीतभर उंचीचं ‘या’. खाली ‘शनिवारी सकाळी नऊला’. त्याखाली ‘पुरुषांचे आध्यात्मिक नवजीवन संमेलन’, मग ‘बोलणारे कमी, ऐकणारे हवेत’, आणि अशा एकीहून एक बारीक सात ओळी. सगळ्यांत खालची मोहरीएवढी. पुरुष जिथे टेकून उभे राहतात त्या बाजूच्या दाराशी त्याने ते चिकटवलं, पुढे जमिनीवर खडूची एक रेघ मारली आणि वर एवढंच लिहिलं: ‘रेघेवरून वाचा.’

पहिल्याच रविवारी तिथे झुंबड उडाली.

‘सहावी दिसतेय मला. स्पष्ट!’ बेकरीवाला म्हणाला.

‘मग म्हण की काय लिहिलंय.’ हा बसचा ड्रायव्हर.

‘ते... संमेलनाबद्दल आहे.’

‘अरे ते तर सगळंच संमेलनाबद्दल आहे! रोज पाव देतोस ते मोजून देतोस की चाचपून?’

‘तू वाच ना मग! तुझ्या बसमध्ये आमची बायकापोरं बसतात, आम्हालाही जरा धीर येऊ दे.’

ड्रायव्हर रेघेवरून वाकला, इतका की मागच्याने त्याचा पट्टा धरला. सहावी त्याला आली, सातवी आली नाही. सातवी कुणालाच येईना. पण वरच्या सहा ओळी पन्नास जणांच्या तोंडपाठ झाल्या, आणि पाठ झालेल्या गोष्टीला नाही म्हणणं जड जातं. दुपारपर्यंत त्रेसष्ट नावं आली. साडू कागदावरून बोट फिरवत मोजत होता. दोनदा मोजून म्हणाला, ‘बरीच आहेत.’ एवढे शब्द बाहेर काढायला त्याला किती त्रास झाला ते चष्मेवाल्याने डोळे भरून पाहिलं.

दुसऱ्या रविवारी मास्तर आले. काठी टेकत टेकत गर्दीपाशी थांबले आणि विचारलं, ‘काय चाललंय रे?’

‘सातवी ओळ, मास्तर. कुणाला येत नाहीये.’

‘रेघेचं राहू दे, मला जवळ जाऊ द्या. म्हाताऱ्याला एवढी सवलत.’ त्यांनी चष्मा काढून खिशात घातला, पोस्टरला नाक लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: ‘एवढं वाचलंत, म्हणजे तुम्हाला वेळ आहे. नाव नोंदवा.’

मग ड्रायव्हर ओरडला, ‘मास्तरांना दिसलं!’

लांबचं न दिसणारा माणूस चष्मा काढून जवळून मुंगीचे पायसुद्धा मोजतो, हे चष्मेवाल्याच्या दुकानातल्या आरशालाही माहीत होतं. पण मास्तरांना माहीत नव्हतं. तीन वर्षं त्यांनी बारीक अक्षराच्या वाटेला जाणंच सोडलं होतं. ते पोस्टरवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, ‘माझे डोळे आहेत रे. गेले नाहीत. देवाने परत दिले.’

बस्स. संध्याकाळपर्यंत ही बातमी बेकरीत पोचली, तिथून पावाबरोबर घरोघर. संमेलनाला अजून सहा दिवस आहेत आणि नुसत्या पोस्टरने मास्तरांचे डोळे आले! मग आत काय काय होईल? गुडघेदुखीवाले आले, पाठदुखीवाले आले. एकाने फॉर्म भरता भरता विचारलं की सासऱ्यांचा कंजूषपणा जातो का. बुधवारी नावं दीडशेवर गेली आणि शुक्रवारी दोनशे बारा.

‘चमत्कार हा शब्द वापरू नका,’ फादर सगळ्यांना बजावत होते. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काही लपत नव्हता. शनिवारी अकरा वाजता मास्तरांनी स्टेजवर येऊन आपला अनुभव सांगावा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

‘अहो, दोनशे बारा!’ बायको म्हणाली. ‘आणि तुमचं तोंड असं का? ताई सांगत होती, भाओजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. निदान त्याचा तरी आनंद माना!’

तो हसला. आता खर्चाची बाजू त्याला दिसू लागली होती. खरं सांगावं तर दोनशे बारा जण तोंडात मारल्यासारखे घरी जातील, साडू आयुष्यभर पुरेल एवढा हसेल आणि दुकानाची पाटी उतरवून ठेवावी लागेल. न सांगावं तर मास्तर स्टेजवर उभे राहून, देवाचं नाव घेऊन, त्याच्या चुकीचे आभार मानणार.

शनिवारी सकाळी टेबलाशी बसून बॅज वाटता वाटता त्याला एक पळवाट सापडली. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. जीव गेला तरी नाही. मग आत जाऊन त्यांच्या कानात ओतून यावं! पाप उतरलं, तोंड फादरांचं बंद, चमत्कार जागच्या जागी आणि दोनशे बाराही जागच्या जागी. इतका स्वस्त सौदा त्याने उभ्या आयुष्यात केला नव्हता. त्याने साडूला हाक मारली. ‘दहा मिनिटं बस इथे. आलोच.’

पडद्याआड तो घडाघडा बोलला. मग फादरांचा आवाज आला, ‘उजवीकडचं डावीकडे?’

‘हो, फादर.’

‘तीन वर्षं?’

‘हो.’

‘आणि मी आता अकरा वाजता त्यांना स्टेजवर बोलावणार. सगळं माहीत असून. तू मला चांगलंच बांधून घातलंस की रे!’ जाळीपलीकडून खाकरल्यासारखा आवाज आला. हसू होतं की संताप, कळायला मार्ग नव्हता. ‘ऐक. माझं तोंड बंद आहे, तुझं नाही. प्रायश्चित्त म्हणून प्रार्थनाबिर्थना काही नको. ते स्टेजवर चढायच्या आत त्यांना जाऊन सांग.’

‘फादर, दुसरं काही...’

‘दहा पंचवीस झालेत.’

मास्तर त्याला शोधतच येत होते. इस्त्रीचा शर्ट, हातात चार घड्यांचा कागद. ‘बरं झालं भेटलास. जरा ऐक, कुठे जास्त होतंय का सांग.’ त्यांनी चष्मा काढला, कागद नाकाशी धरला. ‘“या चष्मेवाल्याने मला प्रामाणिकपणे चांगला चष्मा करून दिला होता, दोष त्याचा नव्हता, माझ्या वयाचा होता...”’

‘मास्तर, थांबा.’ चष्मेवाल्याने त्यांना भिंतीजवळच्या बाकावर बसवलं. ‘दोष माझाच होता. मी भिंगं उलटी बसवली. उजवं डावीकडे. मला कळलं तेव्हा तुम्ही ऑर्गन सोडला होता, आणि मी गप्प बसलो. डोळे कधी गेलेच नव्हते, मास्तर.’

मास्तरांनी हातातल्या कागदाची पुन्हा घडी केली आणि तो खिशात घातला.

‘किती वेळ लागेल सरळ करायला?’ त्यांनी विचारलं.

‘पाच मिनिटं.’

‘पाच मिनिटं,’ मास्तर म्हणाले, आणि चष्मा पुढे केला.

त्याच्या खिशात बारका पेचकस कायम असायचा. दोन स्क्रू. घाईत एक स्क्रू निसटून बाकाखाली गेला, आणि तो जमिनीवर गुडघे टेकून शोधत असताना वरून मास्तरांचा आवाज आला, ‘म्हणजे मी म्हातारा झालो नव्हतो?’

‘नाही, मास्तर.’

‘ही काठी?’

‘नंबर उलटे असले की पायरी जागेवर दिसत नाही.’

चष्मा डोळ्यांवर चढला. मास्तरांनी मान वर केली. सभागृहाच्या पार टोकाला घड्याळ होतं, त्यातला सेकंदकाटा त्यांना दिसला. मग समोरचा माणूस दिसला. ‘गाढवा!’ ते म्हणाले. ‘लबाडा! बासष्टाव्या वर्षी मला तू ऐंशीचा केलास!’ आणि एकाएकी त्यांना हसू फुटलं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘अरे, मी म्हातारा नाहीये रे! घरी नुसता बसून मेथीच्या जुडीसारखा सुकत होतो!’

अकरा वाजता ते स्टेजवर गेले ते काठीवाचून. कागद त्यांनी खिशातून काढलाच नाही. ‘मंडळी, चमत्कार काही झालेला नाही,’ त्यांनी सुरुवात केली. ‘माझा चष्मा उलटा होता. ज्याने उलटा केला तो मागे दाराशी लपलाय. उभा राहा रे! त्याने आज आपण होऊन सांगितलं. ज्यांना परत जायचं असेल त्यांनी खुशाल जावं.’

कुणी हललं नाही. जेवण व्हायचं होतं हे एक कारण असेल. पण आधी ड्रायव्हर हसला, मग बेकरीवाला, आणि मग सगळं सभागृह असं हसलं की फादरांना खुर्चीचा हात धरावा लागला. हसू ओसरलं तसा बेकरीवाला उठून पापनिवेदनाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पावाच्या वजनाबद्दल थोडं बोलायचंय, म्हणाला. त्याच्यामागे ड्रायव्हर. रांग दारापर्यंत गेली. आणि मास्तरांनी शेजारच्या चर्चमध्ये जाऊन ऑर्गनचं झाकण उघडलं, रुमालाने धूळ पुसली आणि तिसरं कडवं तिसऱ्याच जागी वाजवलं.

आता या सगळ्याची किंमत कुणी काय भरली ते. साडूने दहा मिनिटांच्या बोलीवर घेतलेली बाहेरची खुर्ची दुपारी चारपर्यंत सांभाळली आणि आतलं सगळं हसू भिंतीपलीकडून ऐकलं. फादरांनी अर्धा तास जीभ दाताखाली धरून भरलं. दुकानाची पाटी काही उतरली नाही; पण चष्मेवाल्याला त्या दिवसापासून सगळे ‘डावाउजवा’ म्हणतात, गिऱ्हाईक चष्मा घातल्यावर आधी एक डोळा मिटून बघतं, मग दुसरा, आणि तो मुकाट्याने उभा राहतो. बायकोने काहीच भरलं नाही. ती म्हणते, तीन वर्षं बोलून बोलून मी आधीच भरून ठेवलं होतं.

सगळ्यांत जास्त मास्तरांनी भरलं, दीडशेहून जास्त रविवार, आणि त्यांचं तर देणं काहीच नव्हतं.