शेकोटीमागच्या दोन तारा

येणाऱ्या बाळाचा पाळणा भिंतीशी ठेवायचा, म्हणून सुनेने तिथली विजेची शेकोटी, म्हणजे जुना हीटर, काढायला लावली. सुतार ती उतरवून गेला आणि भिंतीतून दोन उघड्या तारा डोकावत राहिल्या. सासरे जन्मभर वायरमन. टेप घेऊन पुढे सरसावले.

"बटण बंद आहे. दोन वेढे मारतो की झालं."

"बाबा, आधी टेस्टर लावा."

"आता तू मला शिकव! अगं, हे बटण मीच बसवलंय."

"म्हणूनच लावा," सून हसत म्हणाली, पण वाटेतून हलेना.

तिची समजूत पटावी म्हणून त्यांनी टेस्टर लावला, तर आतला दिवा लागला. म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. बटण त्यांनी तेव्हा चुकीच्या तारेवर जोडलं होतं. ते बंद करूनही वीज येतच होती.

त्यांनी मेन स्विच पाडला, पुन्हा टेस्टर लावून खात्री केली. ही लाइन फ्यूजच्या पेटीतूनच सोडवली. तारांना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या टोप्या घालून भिंतीतल्या डबीवर झाकण आवळलं.

"तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस हं."

"नाही सांगत. पण बाकीची बटणं?"

सासऱ्यांनी मेन चालू केला आणि स्टूल उचललं. "चल पोरी, सगळी तपासू. मी चुकलो तर ओरड, लाजू नकोस."