दोघांनी धरायची सतरंजी

मित्रांनो, जिन्याखालच्या काळोखातून पुन्हा उजेडात आलेली मी एक जुनी सतरंजी आहे. माझे निळे पट्टे विटले आहेत, एक कोपरा शिवलेला आहे. पण वीण अजून घट्ट आहे बरं का!

मागावरून उतरले ती थेट ताईंच्या खोलीत आले. वस्तीतल्या भांडखोर मुलांना ताई तिथे शांतपणे बोलायला, आणि त्याहून अवघड म्हणजे ऐकायला, शिकवत. त्यांचा एक नेम होता. ज्या दोघांचं भांडण झालं, त्यांनीच मला झटकून घडी घालायची. मी एवढी लांबरुंद, की एकट्याला ते जमायचंच नाही.

पहिली जोडी गुबगुबीत ढोल्या आणि किडकिडीत काडीची.

"ढोल्या, ओढू नकोस ना!"

"मग तू जरा पुढे ये की, राणीसाहेब!"

घडी होईपर्यंत दोघंही शिंकत हसत सुटली.

पुढे कामाला बरकत आली. शेजारच्या गावांत, मग दूरदूरच्या शहरांत शाखा निघाल्या. भाषणांत माझं कौतुक व्हायचं; मी मात्र जिन्याखाली. खुर्च्या आल्या होत्या ना!

सगळ्या शाखांची मिळून देशभराची एक संस्था व्हायची होती, त्याच दिवशी अध्यक्षपदावरून ठिणगी पडली. ढोल्या आणि काडी आता दोन मोठ्या शाखांचे प्रमुख होते.

"सतरंज्या आम्ही उचलायच्या आणि खुर्ची तुझी?" काडी कडाडली.

"मग मांड वेगळी चूल!" ढोल्याही पेटला.

उभ्या आयुष्याचं काम दुभंगायला आलं होतं. ताई उठल्या, जिन्याखालून मला ओढत घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळांनो, भांडण झालंय. नेम मोडायचा नाही."

दोघांनी माझी टोकं धरली आणि रागाने हिसका दिला. इतक्या वर्षांची धूळ! दोघांची तोंडं पांढरीफटक.

"ढोल्या, ओढू नकोस ना!" काडी शिंकता शिंकता बोलून गेली.

ढोल्या थबकला. "मग... तू जरा पुढे ये की, राणीसाहेब."

ती पुढे आली. तोही आला. टोकाला टोक जुळलं.

"खुर्ची आळीपाळीने सांभाळू," तो पुटपुटला. "आधी तू."

"छे, आधी तू!"

"आता यावरून भांडू नका," ताई म्हणाल्या, आणि सभागृह हसण्याने दणाणलं.

आज देशात कुठेही नवी शाखा निघाली, की खुर्च्यांआधी माझी एखादी बहीण तिथे पोचते.

मित्रांनो, आम्हाला ऊन दाखवा, उंदरांपासून जपा. आणि कधी रुसून घरी निघालात, तर दाराशी क्षणभर थांबा. मागे वळून बघा. माझी तुमच्या बाजूची दोन टोकं अजून जमिनीवरच असतील.