खराट्याच्या रेघा

अगं, तू आधी ऐक तर. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटेल.

आपल्या खालच्या आळीतली तेम्वा माहितीये ना, तळ्याकाठी राहते ती? तिचा नवरा लुसुंगू, होड्या कोरतो. त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, पण दर महिन्याला दवाखान्यात सुई टोचून घेऊन आला की बरा असायचा. यंदा दोन महिने तिथे औषधच आलं नाही. आणि एका सकाळी तेम्वा अंगण झाडायला निघाली, तर ह्याने खराटाच धरून ठेवला.

"झाडू नकोस. घरात मयत आहे."

"कोणाचं? काहीतरीच बोलू नका!"

"माझं. अजून पुरलं नाही मला."

आता तूच बघ, मयत पुरून येईपर्यंत आपल्यात कोण खराट्याला हात लावतं? म्हणजे बोलणं वेड्याचं, पण रीत अगदी बरोबर! त्याने तो खराटा कुठे लपवला, तो काही सापडेना.

पण दोन दिवस अंगण पारोसं राहिलं की गाव विचारणारच, कोण गेलं म्हणून. आणि तिचा दीर खुंबो आधीच बजावून गेलेला, "वहिनी, पुन्हा असं काही कानावर आलं, की दोरीने बांधून डोंगरापलीकडच्या छावणीत नेतो. तिथल्या प्रार्थनेने उतरेल त्याचं वेड." त्या छावणीतून परत आलेल्या एकाचे घोटे तिने पाहिले होते गं. साखळीने हाडापर्यंत सोललेले.

म्हणून तिने कोणाला काही कळू दिलं नाही. पहाटे हापशावरून पाणी आणायचं, भिजवलेले कसाव्याचे कंद काढून वाळत घालायचे, वाळलेले पिठासाठी उखळात कुटायचे, चटईवरच्या मासळीवरून कावळे हाकलायचे, त्याचे कपडे धुवायचे, आणि मग घास घेऊन त्याच्यासमोर बसायचं.

तो म्हणायचा, "मेलेला माणूस जेवतो का?"

ही म्हणायची, "मेलेला माणूस एवढी बडबड करतो का? उघडा तोंड."

कधीकधी हसायचा तो. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. दुपारी त्याचा डोळा लागला, की ही पाल्याची फांदी तोडून, आवाज न करता, उकिडवं बसून अंगण झाडून घ्यायची. शेजारची न्याम्हांगो म्हातारी कुंपणावरून टोमणा मारायची, "काय गं, अंगण दुपारचं झाडतेस? सकाळी नवरा उठू देत नाही वाटतं!"

"काय करू आजी, तरुण आहे अजून," असं म्हणून ही हसायची.

मग तो शुक्रवार. हापशावर रांग होती, तिला उशीर झाला. डोक्यावर बादली घेऊन परत येते, तर अंगण लख्ख झाडलेलं! विंचरल्यासारख्या सरळ रेघा, एक पान नाही, एक पाऊल उमटलेलं नाही. भांडी घासून पालथी घातलेली. आणि त्याची झोपायची चटई गुंडाळून दाराबाहेर ठेवलेली. मेलेल्याची ठेवतात ना, तशी.

झाडून झालं, म्हणजे पुरूनही झालं. त्याच्या हिशोबाने.

बादली डोक्यावरून कधी पडली तिला कळलंच नाही.

उलटा चालत, खराट्याने आपली पावलं पुसत गेला होता तो. रेघा अंगणातून वाटेवर, वाटेवरून पार फाट्यापर्यंत. तिथे खराटा पडलेला. एक वाट होड्यांकडे, दुसरी त्या उंच कातळाकडे, खाली खोल पाणी आहे तिथे. ही एकटी. तिने दोन्हीकडे हाका मारून पाहिल्या.

गाव गोळा करायचा एकच उपाय होता, हंबरडा. आपल्या बायकांचा मयताचा हंबरडा डोंगरापर्यंत ऐकू जातो, जो तो हातातलं टाकून धावतो. पण जिवंत माणसासाठी तो फोडायचा? त्यानेच ऐकला तर? आपण मेलोय हे त्याला बायकोच्याच तोंडून कळणार. आणि गावाबरोबर खुंबोही येणार.

तिने फोडला गं. पोटातून फोडला.

दारं उघडली, बायका धावल्या. आणि कातळाकडून उत्तर आलं. पुरुषाचा आवाज, तोच सूर. लुसुंगू स्वतःच्याच मयतावर रडत होता.

ती धावली, काटे लागले, चप्पल सुटली. तो अगदी कडेला बसलेला, पाय खाली सोडून. तिने मनगट घट्ट धरलं. तो शांतपणे म्हणाला, "आलीस? मग झालं सगळं. आता सोड."

मागून दगडांवर पावलं वाजली. खुंबो, हातात होडीची दोरी.

"वहिनी, बाजूला हो."

मनगट तिच्या मुठीत, मागे छावणीत नेणारी दोरी, खाली पाणी. आणि सगळा गाव बघत उभा. सांग ना, तू काय केलं असतंस? झाली असतीस बाजूला?