दहा मिनिटं पुढं

"भीमराजभाऊ, चेहरा काहून दिसून नाही राह्यला?" डॉक्टर शीलाताईंचा आवाज चढला होता.

पडद्यावर आर्णीकडच्या तांड्यावरून नर्स बबिताचे निरोप धडाधड येत होते. कपाशीवर फवारता फवारता खेमसिंग कोसळला होता. उलट्या, हातापायांना थरथर. बबितानं एक इंजेक्शन दिलं होतं, पण बुबुळं बघितल्याशिवाय पुढं किती द्यायचं ते शीलाताईंना ठरवता येईना. तिकडं मोबाइलला रेंज नाही. उपकेंद्रातला संगणक तेवढा लागत होता.

भीमराजला दरदरून घाम फुटला. पेशंटचं काही बाहेर जाऊ नये म्हणून यवतमाळच्या त्या दवाखान्यात चॅट आणि व्हिडिओचे सर्व्हर त्यानंच कोपऱ्यातल्या खोलीत बसवले होते, दवाखान्याच्या अ‍ॅपला जोडले होते. बटण दाबलं की चॅटचा सर्व्हर वेळ टाकून परवाना देई, तो तपासून व्हिडिओचा सर्व्हर दार उघडी. कालपर्यंत झकास चाललं होतं की! आज मेल्याचं एकच पालुपद: परवान्याची मुदत संपली.

"अबे, आत्ताच तं देला तुले!" तो यंत्रावरच खेकसला. परवाना खरा की खोटा ते ओळखायचा सांकेतिक शब्द दोन्ही सर्व्हरमध्ये पुन्हा भरला. तेच.

'दादा बोलून नाही राह्यले,' बबितानं लिहिलं.

"चार वाजून पाच झाले," शीलाताई मनगटाकडं बघत म्हणाल्या. "भाऊ, हातचा माणूस जाईन."

भीमराजनं भिंतीकडं पाहिलं. सव्वाचार! घरी जायची आर्णीची बस चुकू नये म्हणून ते घड्याळ त्यानंच अकरा वर्षांपूर्वी दहा मिनिटं पुढं केलं होतं. आणि सकाळी वीज जाऊन आल्यावर व्हिडिओच्या जुन्या यंत्राची वेळ पुसली गेली, तेव्हा ह्याच शहाण्यानं, भीमराजनं, भिंतीवर बघूनच ती भरली होती. परवाना पाच मिनिटांचा, यंत्र दहा मिनिटं पुढं; आत्ता दिलेला परवानाही त्याला शिळाच.

त्यानं यंत्राची वेळ मागं घेतली. पडदा उजळला. बबितानं खेमसिंगची पापणी वर धरली होती.

"अजून एक इंजेक्शन दे. लवकर!" शीलाताई ओरडल्या.

पाऊण तासानं खेमसिंगनं पाणी मागितलं. शीलाताई खुर्चीत टेकल्या. "वाचला गड्या. तुमचं यंत्र चाललं, भाऊ."

"नाही मॅडम. माह्या चुकीनं उशीर झाला. तसं लिहून ठेवा."

शीलाताईंनी केसपेपर पुढं ओढला.

भीमराज स्टुलावर चढला आणि भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दहा मिनिटं मागं घेतले. तो खाली उतरला तेव्हा आर्णीची बस फाटकापुढून निघून गेली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा.