ब्रेंटच्या अंगातल्या वाफा

आमच्या वीज सहकारी संस्थेचा जुना सर्व्हर तळघरात होता, इमारत तापवणाऱ्या भट्टीच्या शेजारी. जानेवारीत लाइनवरची माणसं परत आली की ओले हातमोजे त्याच्या डोक्यावर वाळत टाकायची. आम्ही ऑफिसातल्या बायकांनी वर्षानुवर्षं जे जे लिहिलं, ते सगळं त्याच्या पोटात होतं. निवृत्त झाले त्या दिवशी मी खाली जाऊन त्याच्यावर हात ठेवून आले होते. माणसांचा निरोप वर केकवर आटोपला होता.

यंदा त्याच्या पोटातलं सगळं क्लाउडवर हलवलं आणि सभासदांना घरबसल्या वाचायला खुलं केलं. हलवणारा ब्रेंट लिंडवॉल, संस्थेचा संगणकप्रमुख, पस्तिशीतला, सभ्य. काम त्याने चोख केलं, एक ओळ गळली नाही. पण आम्हा निवृत्तांची खाती कधीच बंद झाली होती. अर्डिस किन्युनन कोण, मी लव्हॉन टोलेफ्सन कोण, हे त्या नव्या जागेला काय ठाऊक? लेखक ओळखता आला नाही, की सामान आणणाऱ्याचं नाव खाली टाकून ती मोकळी. आमच्या साऱ्या लिखाणाखाली एकच नाव आलं : ब्रेंट लिंडवॉल.

अर्डिस म्हणजे माझी जुनी मैत्रीण. मोठ्या बर्फवादळात अर्धा तालुका अंधारात होता, तेव्हा वायरलेसवर बसून तिने माणसांना खांबाखांबावर पाठवलं होतं. त्यातून शिकलेलं सगळं तिने एका पुस्तिकेत लिहिलं. लाइनवरची पोरं आजही तीच वाचून तयार होतात. आणि आता संचालक मंडळाने जाहीर केलं, की वार्षिक सभेत या पुस्तिकेबद्दल ब्रेंटला मानचिन्ह द्यायचं.

लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. आमच्या उत्तर मिनेसोटात तक्रारीला कोणी रिकाम्या हाताने जात नाही.

"छान झालंय हं सगळं," अर्डिस म्हणाली.

"थँक्यू, अर्डिस."

"ती वादळाची पुस्तिका पाहिली. ओळखीची वाटली."

"हो ना, खूप लोक वाचतायत."

"खाली तुझं नाव आहे."

"ते आपोआप पडतं हो. हजारो पानं आहेत, एकेक कुठे बदलत बसू? मजकूर सुखरूप आला ना, ते महत्त्वाचं." त्याने एक वडी तोंडात टाकली. "वा. फारच छान झाल्यात."

"घे की अजून," अर्डिस म्हणाली, आणि आम्ही बाहेर पडलो.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "अगं, स्पष्ट का नाही बोललीस?"

"बोलले की."

"तू म्हणालीस, ओळखीची वाटली."

"याहून स्पष्ट काय बोलायचं, लव्हॉन? आता काय भांडू त्याच्याशी?" तिने पट्टा लावला. मग म्हणाली, "माझा नातू लाइनवर लागलाय. त्याला सांगितलं होतं, ती पुस्तिका वाच, माझी आहे. काल म्हणाला, आजी, ती ब्रेंटची आहे. माझ्या हातावर थोपटलंन. म्हातारीचं डोकं फिरल्यावर थोपटतात ना, तसं."

मला राग आला. रागात मला नेहमीच चांगलं सुचतं.

वर्षानुवर्षं दर शुक्रवारी ऑफिसच्या पानावर एक कोपरा मी लिहीत असे. पन्नाशीतल्या बायकांसाठी. पाळी जाताना अंगातून येणाऱ्या गरम वाफा, ऑफिसातल्या पंख्यावरून झालेली भांडणं, घोरणारा नवरा, न बसणारी ब्रेसियर. आता तेही सगळं ब्रेंटचंच की.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी मी एवढंच म्हटलं, "आपला ब्रेंट किती मनमोकळं लिहितो, वाचलंत का?" सोमवारपर्यंत तालुक्यातल्या साऱ्या बायकांनी वाचलं होतं.

वार्षिक सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. हॅमचं जेवण, सोडतीची बक्षिसं, नेहमीचंच सगळं. ब्रेंट टाय लावून पहिल्या रांगेत बसला होता. सभा सुरू होण्याआधी एकेक बाई त्याच्यापाशी येऊ लागली.

"बेटा, तुझं ते गरम वाफांवरचं वाचलं. इतकं धीराचं कोणी लिहिलं नव्हतं."

"माझं नाही ते, काकू."

"संकोच कसला? नाव आहे की तुझं." तिने त्याचा खांदा दाबला. "रात्री खिडकी उघडून झोपत जा."

दुसरी म्हणाली, "ब्रेसियरचं जे लिहिलंस ना, अगदी माझ्या मनातलं. तू कुठल्या दुकानातून घेतोस?"

तिसरीने त्याच्या हातात कागदी पंखा ठेवला. सगळ्या अगदी मनापासून बोलत होत्या. निम्म्यांना खरं माहीत होतं. उरलेल्या निम्म्यांना नव्हतं, हेच जास्त मजेचं. ब्रेंटचे कान लाल झाले, आणि तो लाल झालेला बघून एक आजी शेजारणीला म्हणाली, "बघ, आली वाफ."

अध्यक्ष मर्ल सुंडक्विस्ट मानचिन्ह घेऊन माइकपाशी उभे राहिले. "ज्यांच्या लेखणीने आपल्याला वादळातून तारलं," अशी त्यांनी सुरुवात केली. ब्रेंट उठला तो जवळजवळ धावतच. मर्लच्या हातून माइक घेऊन म्हणाला, "यातलं काहीच मी लिहिलेलं नाही. एक शब्दही नाही. निवृत्त लोकांच्या सगळ्या लिखाणावर चुकून माझं नाव पडलंय. वादळाची पुस्तिका अर्डिस किन्युनन यांची आहे." मग म्हणाला, "आणि तो शुक्रवारचा कोपरा तर मुळीच माझा नाही."

व्यायामशाळा हसली. अर्डिसचा नातू मागे लाइनवरच्या पोरांत उभा होता. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

अर्डिसला पुढे नेलं. मर्ल मानचिन्ह देऊ लागले, तर त्यावर ब्रेंटचं नाव कोरलेलं. ते गोंधळले. ती म्हणाली, "असू दे, छान आहे." मग ब्रेंटकडे वळली. "माझं नाव लावशील ना, तेव्हा मला ती पुस्तिका उघडून बदलायचीही परवानगी दे. चौथ्या पानावर एक वाक्य वाईट झालंय. कधीपासून डोक्यात खुपतंय."

"उद्याच देतो," ब्रेंट म्हणाला.

त्याने शब्द पाळला. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर त्याने सगळ्यात आधी नाव बदललं होतं ते माझ्या गरम वाफांखालचं.