एकाच चालीचं मशीन

रोडपालीतल्या त्या सोसायटीत सात विंगा होत्या, दोनशे दहा फ्लॅट होते आणि मधोमध एक ऐसपैस हिरवळ होती. ती राखायला माणूस मात्र एकच, जवळच्या ओवे गावचा बुधाजी. वय विचारलं की तो सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे असं मोघम सांगायचा. गवत कापायचं जुनं लोखंडी मशीन बारा वर्षं त्याने छातीचा जोर लावून ढकललं होतं. यंदा पाऊस सरता सरता त्याचा उजवा गुडघा सुजला, तो उतरायचं नाव घेईना. एका टोकाकडून कापत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं गवत पुन्हा घोट्याला लागायचं.

तक्रारी सुरू झाल्या. कुणाला गवतात साप दिसला, कुणाला दिसल्यासारखा वाटला. तरुण अध्यक्ष सत्यजीतने एका एजन्सीचा दर मागवला. एजन्सी स्वतःचं मशीन आणणार होती, त्यामुळे तो आकडा कमिटीला परवडणारा नव्हता. ती संधी साधून सेक्रेटरी कमलाकर म्हणाले, "बुधाजीला आपोआप पुढे जाणारं मशीन घेऊन देऊ. जोर लावायला नको, नुसतं मागून चालायचं." कमिटीने तीस हजारांची मर्यादा घातली आणि महिनाभराची मुदत दिली. तेवढ्यात हिरवळ ताळ्यावर आली नाही, तर बुधाजीने घरी बसायचं.

कमलाकर विमा कंपनीतून निवृत्त झालेले. वस्तू पारखून घेण्याचा त्यांना भारी अभिमान. साध्या कुकरसाठी त्यांनी चार दुकानं पालथी घातली होती आणि शेवटी पहिल्याच दुकानातला आणला होता, असं त्यांची बायको कुमुद येईल त्याला सांगायची. आता ते रोज मोबाइलवर मशीनचे व्हिडिओ बघत बसले. पात्याची रुंदी, इंजिनाची ताकद, पेट्रोल किती पितं, सगळं त्यांनी वहीत उतरवून काढलं. आणि वही घेऊन जुन्या पनवेलमध्ये अय्यूबच्या दुकानात गेले.

अय्यूब वीस वर्षं कुवेतमध्ये बागांची मशीनं दुरुस्त करून परतलेला. त्याने दोन मशीनं पुढे ठेवली. एक साडेअठ्ठावीस हजारांचं, दुसरं एकेचाळीसचं.

"फरक काय?" कमलाकरांनी विचारलं.

"महागाची चाल कमी-जास्त करता येते. स्वस्ताची एकच चाल. ते आपल्या चालीने जाणार, माणसाने मागून जायचं. साहेब, चालवणार कोण?"

"आमचा माळी."

"मग त्यांना घेऊन या ना. चप्पल घेताना पाय आणतोच की आपण."

बुधाजीला एवढ्या लांब कशाला फरपटायचं, असं कमलाकरांना वाटलं. खरं सांगायचं तर माळ्याला विचारून मशीन घ्यावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतःच मशीन चालवून पाहिलं. रोज सकाळी पाच फेऱ्या मारणारे त्यांचे पाय, त्यातून स्पोर्ट्सचे बूट. मशीन अगदी त्यांच्या पावलाबरोबर चाललं. त्यांनी साडेअठ्ठावीस हजारांचं घेतलं आणि दीड हजार वाचवल्याच्या आनंदात घरी आले.

रविवारी मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. बुधाजी धुतलेला सदरा घालून आला होता. त्याने आधी मशीनच्या पाया पडून घेतलं. कमलाकरांनी दोरी ओढून इंजिन सुरू केलं आणि दांड्यावरची पट्टी कशी दाबून धरायची ते दाखवलं.

पट्टी दाबली तसं मशीन निघालं. पहिली दहा पावलं बरी गेली. मग उजवा पाय मागे राहू लागला. बुधाजीने पट्टी सोडली, इंजिन बंद पडलं. पुन्हा दोरी, पुन्हा दहा पावलं. सातव्या वेळी दोरी ओढून कमलाकरांचाच खांदा भरून आला. सगळी कमिटी बघत होती. तेव्हा बुधाजीने मनाशी काही ठरवलं असावं. त्याने पट्टी सोडलीच नाही. मशीन पुढे आणि तो मागे अर्धवट धावत, लंगडत, तोंड उघडं टाकून. जास्वंदीच्या कुंपणाजवळ तो दोन्ही गुडघ्यांवर पडला. कुणी हसलं नाही. कमलाकरांना वाटलं, हसले असते तरी बरं झालं असतं.

त्यांनी अय्यूबला फोन लावला. "पात्याला गवत लागलं साहेब," अय्यूब हळूच म्हणाला. "आता कंपनी परत घेणार नाही. चाल बदलायचा पार्टही त्यात बसत नाही. मी म्हटलं होतं..."

मग कमलाकर स्वतःच सकाळी सहाला उतरून मशीन चालवू लागले आणि बुधाजी बसून कडा छाटू लागला. हिरवळ सुरेख दिसायला लागली. आठ दिवसांनी सत्यजीत म्हणाला, "काका, सेक्रेटरी गवत कापतात, हे बरं दिसत नाही. आणि तुम्ही नसाल तेव्हा काय?"

महिना भरला. सभेत सत्यजीतने एजन्सीचा नवा दर वाचला. मशीन सोसायटीचं असेल तर ते जवळजवळ निम्म्यात यायला तयार होते. "काका, मशीन मात्र तुम्ही एक नंबर निवडलंत," तो मनापासून म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही स्वतःच्या हातांनी. बुधाजीच्या जागी एजन्सी नेमायचा ठराव सेक्रेटरी या नात्याने कमलाकरांनाच लिहावा लागला. बुधाजीचं नाव लिहितानाही त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

शेवटच्या दिवशी बुधाजी अवजारांच्या खोलीची किल्ली द्यायला कमलाकरांच्या घरी आला. कुमुदने त्याला खुर्ची दिली, पण एकदा बसलं की उठवत नाही म्हणून तो उभाच राहिला.

"बुधाजी, माझं चुकलं," कमलाकर म्हणाले. "तुम्हाला दुकानात न्यायला हवं होतं. तो दुकानदार सांगत होता, मीच ऐकलं नाही. दुसरं मशीन तुमच्या चालीने चाललं असतं."

"कितीला व्हतं ते?"

"एकेचाळीस हजार."

बुधाजीने मान हलवली. "मंग मला नेलं असतंत तरी मी हेच घ्या म्हनलो असतो."

"पाय दुखतोय तरी?"

"माझ्यापायी तुमाला चार मानसांत बोल लागला असता ना साहेब. म्हाग मागायला माझं तोंड उघडलंच नसतं." त्याने किल्ली टेबलावर ठेवली. "तुमी जिवाला लावून घेऊ नका."

कमलाकरांना वाटलं, त्याने आपल्याला शिव्या द्यायला हव्या होत्या. निदान एकदा तरी, का नाही विचारलंत, असं म्हणायला हवं होतं. त्यासाठी त्यांनी सकाळपासून मनाची तयारी केली होती. बुधाजी कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागला. लिफ्ट त्याच्यासमोरच उघडी होती, पण माळ्याने लिफ्ट वापरायची नाही, हा नियम बारा वर्षांपूर्वी कमिटीने केला होता आणि कमलाकरांनीच तो लिहून तिथे चिकटवला होता.